झाडं शून्य, म्हणून नुकसान शून्य?



पाऊस उघडला की सड्यावरच्या प्रत्येक वाड्यात एकच विषय निघतो. रस्ता. शाहूवाडी, गगनबावडा, राधानगरी, भुदरगड, आजरा, चंदगड, कुठंही जा. बाळंतीण अडली की झोळी करून चार माणसांनी खांद्यावर न्यायची. साप चावला की मांत्रिक जवळ आणि दवाखाना लांब. पोरं सातवीनंतर शाळा सोडतात, कारण पावसाळ्यात ओढा आडवा येतो. तेव्हा पहिल्यांदाच स्पष्ट सांगतो : रस्ता पाहिजे, दिवा पाहिजे, नळाचं पाणी पाहिजे. "तुम्ही जंगल वाचवणारे, मग तुम्हाला रस्ता कशाला?" असं विचारणाऱ्या साहेबानं एकदा झोळीचा दांडा खांद्यावर घेऊन बघावा.

पण रस्ता पाहिजे म्हटलं म्हणजे रस्ता कसाही चालेल, असं होत नाही. या अंकात त्याबद्दलच बोलायचं आहे.

वनहक्क कायदा 2006 चं कलम 3(2) आपल्या कामाचं आहे. शाळा, दवाखाना, अंगणवाडी, रेशन दुकान, विजेची तार, पिण्याचं पाणी, रस्ता अशा तेरा सोयींसाठी वनजमीन देता येते. अटी तीन. एका कामाला जमीन एक हेक्टरपेक्षा कमी, झाडतोड हेक्टरी 75 च्या वर नाही, आणि ग्रामसभेची शिफारस. शिफारस नसेल तर काम पुढं सरकत नाही. आपण भांडून मिळवलेला हा अधिकार आहे.

आता दुसरी अट परत वाचा. नुकसान कशात मोजलंय? झाडांत. आपला सडा कसला? जांभ्याचा कातळ, त्यावर कुठं चार बोटं माती, कुठं तेवढीही नाही. तिथं झाड उभंच राहात नाही. म्हणजे रस्त्याच्या कागदावर काय लिहिलं जाणार? "तोडावयाची झाडे : शून्य." झाडं शून्य म्हणून नुकसान शून्य, आणि सही-शिक्का. सातबारावर तर त्याच्या आधीपासूनच "पोटखराबा" लिहिलेलं आहे. ज्या जमिनीवर आपली जनावरं चार महिने जगतात तिला सरकार खराबा म्हणतं, आणि खराब्याचं आणखी काय खराब व्हायचं, असा हा हिशेब आहे.

सड्यावर काय आहे ते आपल्या म्हाताऱ्यांना विचारा. मृगाच्या पहिल्या पावसात कातळावरच्या डबक्यांत बेडकं येतात, अंडी घालतात, आणि डबकं सुकायच्या आत पिल्लं बाहेर पडतात. भाद्रपदात गेंद फुलतो, तेरडा येतो, मागून सोनकी. ओल्या कातळावर सीतेची आसवं येतात. या मातीत कस नाही, म्हणून ते इवलंसं झाड बारीक जीव पकडून खातं. टिटवी उघड्या खड्यांत अंडी घालते, चंडोल गवताच्या बुडात घरटं करतो. दगडाखाली फुरसं. रात्री कोवळ्या गवतावर गवा, भेकर, ससा. आंबोलीच्या कातळावरचा एक छोटा भेक 2009 साली जगाला नव्यानं कळला, आणि तो आज अतिशय धोक्यातल्या प्राण्यांच्या यादीत आहे. आंबोली चंदगड-आजऱ्याला लागूनच आहे. आपल्या डबक्यांत काय आहे हे कोण बघून आलंय?

आता रस्ता कातळावर काय करतो ते बघू. सड्यावर पाणी ओढ्यानं वाहत नाही, पातळ थरानं सगळ्या कातळावरून सरकतं. त्यात आडवा फूटभर भराव घातला की वरच्या अंगाला पाणी तुंबतं आणि खालच्या अंगाला कातळ वाळतो. वर दलदल, खाली उन्हाळा. दोन्हीकडची झाडं बदलतात. खालच्या अंगाला आपला झरा असेल तर तोही बदलतो. दुसरं, मुरूम बाहेरून येतो आणि त्याच्याबरोबर गाजरगवताचं, रानमोडीचं बी येतं. ते जनावर खात नाही. रस्त्याच्या कडेनं आलेलं गाजरगवत पुढं कुरणात शिरतं. तिसरं, मापाचा खेळ. एक किलोमीटर लांब आणि तीन मीटर रुंद रस्ता म्हणजे 3,000 चौरस मीटर, अंदाजे 30 गुंठे. एक हेक्टरच्या आत, कायदेशीर. पण जेसीबी वळवायला, खडी टाकायला, कडेची माती ओढायला दोन्ही बाजूंनी तीन-तीन मीटर सडा खरवडला, तर तेच 90 गुंठे होतात. कागदावर तीस, जमिनीवर नव्वद.

म्हणून ग्रामसभेनं शिफारस देण्याआधी स्वतः मोजायचं. तज्ज्ञ आला तर चांगलंच. कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठाचा वनस्पतिशास्त्र विभाग आहे, त्यांना पत्र घाला. नाही आला तरी अडायचं कारण नाही.

काम साधं आहे. एक मीटर बाजूचा दोरीचा चौकोन करा. रस्त्याच्या नियोजित रेषेवर दर पन्नास पावलांवर दगडाला चुन्याची खूण करा. तिथं एक चौकोन मधोमध, एक डावीकडं दहा पावलांवर, एक उजवीकडं दहा पावलांवर. चौकोनात कोणकोणतं गवत-फूल आहे, किती जागा नुसता कातळ, पाणी आहे का, जनावराचं शेण-लेंडी-पाऊल दिसतं का, ते वहीत लिहा. नाव आपल्या बोलीतलंच लिहा, लॅटिन नको. नाव माहीत नसेल तर चित्र काढा. तीन खेपा करा : मृगात डबक्यांसाठी, भाद्रपदात फुलांसाठी, फाल्गुनात चाऱ्यासाठी. आणि एक महत्त्वाचं : जिथं रस्ता जाणार नाही असा तसलाच दुसरा सडा निवडून तिथंही हेच मोजा. नाहीतर उद्या गवत कमी झालं तर साहेब म्हणणार पाऊस कमी होता. दुसऱ्या सड्यावर त्याच पावसात गवत नीट असेल तर उत्तर आपल्या वहीत असेल. काम झाल्यावर त्याच खुणांवर तीन वर्षं परत मोजा.

ही मोजणी बायकांशिवाय करू नका. कुठल्या चिरेत पाणी कधी आटतं आणि कुठलं गवत गाभण म्हशीला घालायचं नाही, हे पुरुषांना नाही, त्यांनाच ठाऊक असतं. 2012 च्या सुधारित नियमांनुसार वनहक्काच्या ग्रामसभेला निम्मे सभासद हजर पाहिजेत, आणि हजर असणाऱ्यांत एक तृतीयांश बायका पाहिजेत. घरोघर फिरून सह्या गोळा केलेल्या कागदाला ग्रामसभा म्हणू नका.

मग ठरावात नुसतं "शिफारस आहे" लिहू नका. अटी लिहा. जुन्या पायवाटेवरूनच रस्ता. रुंदी तीन मीटर, त्यापलीकडं यंत्र उतरणार नाही. कातळावर भराव नाही, पाणी वरून जाईल असा सपाट रपटा. मुरूम-दगड सड्यावरून उकरायचा नाही. यंत्राची चाकं खाली गावात धुऊनच वर आणायची. काम मार्गशीर्ष ते माघ, म्हणजे बी पडून गेल्यावर आणि टिटवीची अंडी यायच्या आत. विजेची तार लोंबती नको, गव्याला आणि हत्तीला ती फास होते. दिवा घरापाशी, सड्यावर नको. यातल्या कशालाही फार पैसा लागत नाही, फक्त ठेकेदाराची सोय कमी होते.

काही जण म्हणतील, एवढी काळजी असेल तर सड्याला कुंपण घाला आणि गुरं बंद करा. त्यांना कास दाखवा. 2012 साली सह्याद्रीच्या इतर जागांबरोबर कास जागतिक वारशात गेलं. पर्यटकांना आवरायला तिथं जाळी बसवली. गुरंही बाहेर राहिली. पुढं उंच गवत माजून फुलं कमी झाली अशी ओरड झाली, आणि शेवटी कुंपण काढावं लागलं. कुंपणही छोटंच काम असतं. त्याचाही परिणाम आधी मोजायचा असतो. आपल्या म्हशींचं तोंड पिढ्यान्‌पिढ्या या सड्यावर फिरलंय, आणि फुलं आहेत ती त्यासकट आहेत.

आणखी एक गोष्ट कटू आहे, पण बोलली पाहिजे. रस्त्यामागून दलाल येतो. झोळीच्या वाटेवर गाडी आली की पुण्या-मुंबईचा माणूस "व्ह्यू" बघायला येतो, आणि आपलाच कुणीतरी कागदावर अंगठा देतो. याच जिल्ह्यात बॉक्साइटसाठी सडे कसे सोलले गेले ते आपण पाहिलंय. म्हणून क्रम उलटा करू नका. कलम 3(1)(झ) खाली सामूहिक वनहक्काचा दावा आधी दाखल करा, सड्याची हद्द नकाशावर आणा, मग रस्त्याची शिफारस द्या. सरकार आपल्यातल्या गवळी धनगरांना आदिवासी मानत नाही, तीन पिढ्यांचा पुरावा मागतं. ती आपली मोजणीची वहीसुद्धा उद्या पुराव्याला जोडता येईल : कुठल्या झऱ्याला काय नाव, कुठल्या कातळावर कुणाचा गोठा, कुठलं फूल कुठल्या नक्षत्रात. जो राहात नाही त्याला हे लिहिता येत नाही.

रस्ता होणार. झालाच पाहिजे. झोळी एकदाची खुंटीला टांगायची आहे. पण त्या रस्त्यानं दवाखान्यातून परत येणाऱ्या बाळंतिणीच्या घरी म्हशीला चारा आणि झऱ्याला पाणी असलं पाहिजे. तेवढ्यासाठी एक दोरी, एक वही आणि तीन दिवस मागतोय.

मृगाच्या आत प्रत्येक वाड्यानं वही सुरू करावी. पहिल्या मोजणीची नक्कल पुढच्या बैठकीला घेऊन या.