पतीचा आकडा आणि महापुराचे वर्ष

२०२५ च्या मे महिन्यात राज्यस्तरीय बँकर्स समितीच्या बैठकीत मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी पीककर्जासाठी शेतकऱ्यांकडे 'सिबिल'चा आग्रह धरणाऱ्या बँकांना गुन्हे दाखल करण्याचा इशारा दिला. त्याचे स्वागत होणे स्वाभाविक होते. परंतु ३०० ते ९०० यांच्या दरम्यानचा हा आकडा कर्जदाराच्या कपाळी कशाच्या आधारे लिहिला जातो, हा मूळ प्रश्न त्या इशाऱ्याने सुटत नाही. महाड-पोलादपूरच्या लोकांनी तर तो अवश्य विचारावा.

वनस्पती तुपाला आपण सरसकट 'डालडा' म्हणत आलो, तसेच 'सिबिल'चे झाले आहे. वस्तुतः ते २००० साली स्थापन झालेल्या एका कंपनीचे नाव. २००५ च्या कायद्याखाली पतमाहिती ठेवणाऱ्या अशा चार कंपन्या आज देशात आहेत. बँका त्यांना माहिती पुरवतात आणि त्यावरून प्रत्येक कर्जदाराचा अहवाल तयार होतो. आकडा हा केवळ त्या अहवालाचा निष्कर्ष होय.

अहवालात नाव, जन्मतारीख, पॅन क्रमांक व पत्ते असतात. प्रत्येक कर्ज केव्हा घेतले, किती घेतले, बाकी किती, थकीत किती हे असते. त्याखाली ३६ महिन्यांचा तक्ता असतो आणि कोणत्या महिन्यात हप्त्याला किती दिवस उशीर झाला, ते त्यात नमूद असते. कर्जासाठी कोणकोणत्या संस्थांनी आपली चौकशी केली, याचीही नोंद राहते. भिडेखातर सहकाऱ्याला जामीन राहिलेल्या शिक्षकाच्या अहवालात ते परके कर्जही दिसू शकते, हे आपल्या शिक्षकवर्गात फारसे कोणी ध्यानात घेत नाही. उलट बचत खात्यातील शिल्लक, मुदत ठेव, जमीनजुमला यांना त्यात स्थान नाही. गावातल्या पतसंस्थेचे कर्ज वर्षानुवर्षे बिनचूक फेडले, तरी त्याचे श्रेयही सहसा येथे जमा होत नाही.

जुलै २०२१ मध्ये सावित्रीचे पाणी महाडच्या बाजारपेठेत शिरले, दुकानांतील मालाचा चिखल झाला. २२ जुलैला तळियेवर दरड कोसळली. पोलादपूर तालुक्यातही केवनाळे व सुतारवाडी येथे माणसे गेली. अशा वेळी हप्ता चुकला तर गावचा वाणी कारण विचारत नाही, त्याला ते ठाऊकच असते. अहवालाला मात्र दिवस मोजता येतात, पाऊस मोजता येत नाही. नैसर्गिक आपत्तीमुळे बँकेने कर्जाची फेररचना केली, तर तशी नोंद करण्याची सोय आहे, हे खरे. पण जो फेररचना मागायला गेलाच नाही, त्याच्या नावापुढे निव्वळ उशीर उरतो.

चालू कर्जावरील त्या वेळचा उशीर एव्हाना ३६ महिन्यांच्या तक्त्याबाहेर गेला असेल. खरी मेख एकरकमी तडजोडीत आहे. बँक काही रक्कम सोडते, कर्जदार कर्जमुक्तीच्या आनंदात घरी येतो आणि अहवालात मात्र त्या खात्यापुढे 'सेटल्ड' हा शब्द बसतो. पुढच्या बँकेच्या लेखी त्याचा अर्थ एकच : या माणसाने पूर्ण फेड केली नाही. हा शब्द महिन्यांच्या तक्त्याबरोबर सरकत नाही. ही माहिती किमान सात वर्षे जपली जाते.

नागरिकाच्या हाती काहीच नाही, असे मात्र नव्हे. चारही कंपन्यांकडून वर्षातून एकदा पूर्ण अहवाल विनामूल्य मिळतो. चुकीच्या नोंदीची तक्रार ३० दिवसांत निकाली निघाली नाही, तर पुढे दररोज १०० रुपये भरपाई देण्याचा रिझर्व्ह बँकेचा नियम एप्रिल २०२४ पासून लागू आहे. २०२२ पासून या कंपन्यांविरुद्ध लोकपालाकडेही जाता येते. पूर्वी कधीच कर्ज न घेतलेल्या तरुणाचा अर्ज केवळ इतिहास नाही म्हणून फेटाळू नये, असेही रिझर्व्ह बँकेने बजावले आहे.

मुख्यमंत्र्यांचा इशारा पीककर्जापुरता होता. महाडच्या दुकानदाराला आणि पोलादपूरच्या रिक्षावाल्याला त्याचा उपयोग नाही. तडजोडीच्या कागदावर सही घेण्यापूर्वी अहवालात कोणता शब्द उमटणार आणि उरलेली रक्कम भरून तो बदलून घेता येईल काय, हे बँकेने कर्जदाराला मराठीत लेखी कळवावे, असा ठराव त्याच बँकर्स समितीला करता येईल. त्यासाठी कोणावर गुन्हा दाखल करण्याचीही गरज नाही.