गेमने पास केलं, पण...

"अभ्यास सोडून गेम?" असं रेक्टर मॅडम विचारतीलच, म्हणून आधीच सांगते: हा गेम इंजिनिअरिंगचाच आहे!

डेन्मार्कच्या घोस्ट शिप गेम्सचा 'डीप रॉक गॅलॅक्टिक' २०२० मध्ये पूर्ण स्वरूपात आला. होक्सेस या परग्रहावर चार बुटके खाणकामगार खनिज काढतात आणि अंगावर येणाऱ्या किड्यांशी लढतात. गंमत अशी की कुणा एकाला सगळं जमत नाही. छताजवळ खनिज दिसलं, की इंजिनिअर तिथे उभं राहायला जागा करून देतो, मग स्काउट दोराने वर जाऊन ते खोदतो. ड्रिलर बोगदा पाडतो. आपल्या प्रोजेक्ट ग्रुपमध्ये असं होतं का कधी? एकजण राबतो, तिघं नाव लावतात.

दोष? आहेत ना! कथा फारशी नाहीच, त्यामुळे पुढे पुढे तेच तेच वाटतं. चौघी एकाच खोलीत बसलो तरी नेट लागतं, आणि जिने होस्ट केलं तिचं नेट गेलं की सगळ्यांचीच मेहनत पाण्यात.

पण मला खटकतो तो शेवट. काम संपलं की परतीचं यान येतं, घड्याळ सुरू होतं. चौघांतला एक जरी आत पोचला तरी मोहीम यशस्वी! परवा माझी रूममेट यानाच्या अगदी जवळ पडली. मी तिला उचलू शकले असते. नाही उचललं. स्क्रीनवर यश झळकलं. रात्री मेसमध्ये मात्र ती दुसऱ्या टेबलावर बसली.

गेमने मला पास केलं, तिने नाही. पेपर तिनेच बरोबर तपासला, असं माझं मत आहे.