वेल हॉल रोडवरचा मुलगा

एवढी वर्षं झाली, आता त्या पोराला शांत विसावू द्या, असं स्टीफन लॉरेन्सबद्दल म्हणणारे सगळेच वाईट मनाचे नसतात. दर २२ एप्रिलला एल्थमचं नाव खुनाशी जोडलं जातं, ज्यांचा काडीचा संबंध नव्हता तेही बदनाम होतात, आणि खपली काढत राहिलं तर जखम भरणार कशी, असा त्यांचा सवाल असतो. पण ही जखम कोणी वेळेवर धुतलीच नव्हती. १९९३ साली त्या रात्री आग्नेय लंडनमधल्या एल्थममध्ये वेल हॉल रोडवर बसची वाट पाहणाऱ्या या १८ वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलाला गोऱ्या पोरांच्या टोळक्याने वर्णद्वेषी शिवी हासडून भोसकलं. सोबतच्या मित्राशी पोलीस संशयिताशी वागावं तसे वागले. दुसऱ्या दिवसापासूनच वस्तीतल्या लोकांनी संशयितांची नावं कळवली. एक चिठ्ठी तर टेलिफोन बूथमध्ये ठेवलेली होती. एका संशयिताच्या घरातून काहीतरी भरलेली पिशवी बाहेर जाताना पाळतीवरच्या माणसाला दिसली, पण ती कोणी अडवली नाही. पहिली अटक झाली ७ मे रोजी, नेल्सन मंडेला स्टीफनच्या आईवडिलांना भेटले त्याच्या दुसऱ्या दिवशी.

म्हणून काळावर सोपवा हा सल्ला मला मान्य नाही. काळ इथे आरोपींच्या बाजूने धावत होता. त्याला रोखलं ते स्टीफनचे आईवडील डोरीन आणि नेव्हिल लॉरेन्स यांच्या हट्टाने. त्यांनी खासगी खटला भरला, तो १९९६ मध्ये कोसळला आणि त्यात उभे राहिलेले आरोपी निर्दोष सुटले. तरी ते मागे हटले नाहीत. पोलिसांच्या या तपासाची चौकशी करणाऱ्या १९९९ च्या मॅकफर्सन अहवालाने लंडनच्या पोलीस दलात संस्थात्मक वर्णद्वेष असल्याचं नोंदवलं आणि ७० शिफारशी केल्या. निर्दोष सुटलेल्यावर गंभीर गुन्ह्यासाठी, नवा सबळ पुरावा मिळाल्यास, पुन्हा खटला चालवण्याची वाट २००३ च्या कायद्याने उघडली. त्याच वाटेने सुटलेल्यांपैकी एकावर पुन्हा खटला चालला आणि २०१२ मध्ये त्याच्यासह दोघांना शिक्षा झाली; त्यात जॅकेटच्या कॉलरवरचा मिलिमीटरभरही नसलेला रक्ताचा डाग मोलाचा ठरला. आईवडील गप्प बसले असते, तर त्या डागाकडे भिंग घेऊन कोणी पाहिलं असतं?

एवढ्या पोरांचे जीव जातात, मग याच एकाचं स्मरण का, हा आक्षेप मात्र वजनदार आहे. १९९१ मध्ये शेजारच्या थेम्समीडमध्ये रोलन ॲडम्स, १९९२ मध्ये एल्थममध्येच रोहित दुग्गल हा किशोरवयीन मुलगा भोसकला गेला. त्यांची नावं आज किती जणांना ठाऊक आहेत? पण यातून स्टीफनला विसरावं असं निघत नाही. त्या दोघांना विसरलो, हाच खरा दोष निघतो. आधीच्या दोन मृत्यूंची दखल तेव्हाच गांभीर्याने घेतली गेली असती, तर त्या भागात काय शिजत होतं ते कळायला तिसरा बळी लागला नसता.

सरकारने २०१८ मध्ये स्टीफनच्या नावे राष्ट्रीय स्मरणदिन जाहीर केला, त्यामुळे आठवण सोहळ्यात विरघळेल अशी भीती वाटू शकते. ती रास्त आहे. वास्तुविशारद होऊ पाहणारा, मैदानावर धावणारा मुलगा फलकावरचं नाव होऊन बसतो, आणि पुष्पचक्र वाहणाऱ्याला तपासाचं उत्तर द्यावं लागत नाही. त्यावर उपाय सोहळा बंद करणं नाही. त्याच व्यासपीठावरून दरवर्षी तपासाचा हिशेब मागायला हवा. पोलिसांनी २०२० मध्ये सक्रिय तपास थांबवला. सहाव्या संशयिताचं नाव २०२३ मध्ये बीबीसीने उजेडात आणलं, तोवर तो मरण पावलेला होता. शिक्षा आजही दोघांनाच झालेली आहे.