रिझलिंगवर लादलेला गोडवा

१/ रिझलिंग म्हणजे गोडसर, स्वस्त, नवशिक्यांची वाइन, हे विधान इतिहासाचा दाखला असल्याच्या थाटात केले जाते. वस्तुतः ही समजूत जेमतेम पन्नास वर्षांची आहे आणि ती द्राक्षाने नव्हे, जर्मन कायद्याने जन्माला घातली.

२/ या द्राक्षाची पहिली ज्ञात नोंद १४३५ची: माइन नदीकाठच्या रुसेल्सहाइममधील एका सरदाराच्या हिशेबवहीत रिझलिंगच्या वेलींपोटी मोजलेले २२ शिलिंग. १७२०मध्ये ऱ्हाइनकाठच्या योहानिसबर्गच्या उतारावर याच वेलीची लागवड झाली. १७८७मध्ये ट्रियरच्या धर्माधिपतीने हलक्या जातीच्या वेली काढून उत्तम जातीच्या लावण्याचा हुकूम काढला, त्याचा लाभ रिझलिंगलाच झाला. उशिरा पिकणाऱ्या, थंडीत दगा देऊ शकणाऱ्या वेलीसाठी एवढा अट्टहास का? उत्तर तिच्या आंबटपणात आहे. पूर्ण पिकूनही हे द्राक्ष आपली धार सोडत नाही. म्हणून तिची वाइन दशकानुदशके टिकते. जुन्या बाटलीला रॉकेलसारखा वास येतो. जाणकार त्यावर भाळतात, अनभिज्ञ बाटली परत करतात.

३/ गोड रिझलिंगही थोर असते, हे नाकारण्याचे कारण नाही. १७७५मध्ये तोडणीची परवानगी आणणारा दूत योहानिसबर्गला उशिरा पोहोचला, तोवर बुरशी लागलेल्या द्राक्षांतून अपूर्व वाइन निघाली, अशी आख्यायिका आहे. पण तो गोडवा सुसह्य होतो तो आंबटपणामुळेच. एकोणिसाव्या शतकात लंडनमध्ये ऱ्हाइनच्या उत्तम वाइनला बोर्दोच्या तोडीचा भाव मिळे.

४/ मग १९७१चा कायदा आला. त्याने दर्जा मोजला तो रसातील साखरेवरून, आणि सामान्य मळ्यांना नामांकित गावांची नावे वापरू दिली. लीबफ्राउमिल्खच्या स्वस्त गोड बाटल्या जगभर गेल्या. त्यांत मुख्यतः म्युलर-थुर्गाऊसारखी भरघोस पिकणारी द्राक्षे असत. बदनाम मात्र रिझलिंग झाली.

५/ आता नाशिक. सुलाने तेथे रिझलिंग केली, तेव्हा दुसरा आक्षेप आला: वेल परकी. वाशीम जिल्ह्यातील जऊळक्याच्या शिवारात डोलणारे सोयाबीन मूळचे चीनचे, त्याला कोणी उपरे म्हणत नाही. नाशिकला विचारायचा प्रश्न वेगळाच आहे. तेथे छाटणी पावसाळा सरताना आणि तोडणी जानेवारी ते मार्चदरम्यान होते. ऊन तापू लागले की आंबटपणा झपाट्याने ओसरतो. थंडीने राखलेली ती धार उन्हाआधी बाटलीत पोहोचली का, एवढे चाखून सांगावे.