गच्चीवरचे नऊ टोमॅटो

एरवी मी इथं शुगर, ब्लड प्रेशर, थायरॉईड, लहान मुलांचा खोकला अशा विषयांवर लिहितो. आज विषय भाजीचा आहे. पण गाडी शेवटी तब्येतीवरच येणार, काळजी नसावी.

आधी कबुली देतो. तीन वर्षांपूर्वी गारखेड्यातल्या आमच्या घराच्या गच्चीवर मी भाजीपाला लावायला घेतला. कुंड्या, माती, शेणखत, कोकोपीट, रोपं, हिरवी जाळी असा पहिल्या वर्षी साडेतीन हजारांच्या आसपास खर्च झाला. उत्पन्न काय आलं? नऊ टोमॅटो, ओंजळभर मिरच्या, दोन वेळा मेथी आणि एक दोडका. तो दोडकाही काढायला उशीर झाल्यानं निबर निघाला. बायको म्हणाली, "एवढ्या पैशात जाधववाडीहून टेम्पोभर माळवं आलं असतं."

तिचं गणित चूक नव्हतं. तरीही दवाखान्यात मला कुणी विचारलं, "डॉक्टर, गच्चीवर भाजी लावू का?" तर मी "लावा" असंच सांगतो. फक्त मोबाईलवर फिरणाऱ्या मेसेजमध्ये जी कारणं दिलेली असतात, त्यांच्यासाठी नको. खरी कारणं वेगळी आहेत, आणि एक धोकाही आहे. तो मी स्वतःच्या घरात पाहिला.

आपल्या गावात हे सोपं नाही

पुण्या-मुंबईच्या व्हिडिओत सगळं हिरवंगार दिसतं. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळीसच्या पुढे जातो, गच्चीचा स्लॅब तव्यासारखा तापतो आणि प्लास्टिकच्या कुंडीत मुळं अक्षरशः शिजतात. पाण्याची गोष्ट तर तुम्हाला मी सांगायला नको. सतराव्या शतकात मलिक अंबरनं जमिनीखालून नहर काढून या शहराला पाणी दिलं होतं. आज पैठणच्या नाथसागरातून पाणी वर चढवून आणावं लागतं आणि नळाला ते रोज येत नाही. बोअरचं पाणी घालावं तर ते जड. काही महिन्यांत कुंडीच्या कडेला क्षारांचा पांढरा थर दिसू लागतो.

त्यात कीड. मिरचीची पानं चुरडली जातात, भेंडीवर केवडा येतो, वांग्याला अळी लागते, जास्वंदीवरचा पिठ्या ढेकूण टोमॅटोवर उतरतो. एवढ्यातून काही वाचलंच तर खार येते.

माझे पहिल्या वर्षीचे बरेचसे टोमॅटो बुडाशी काळे पडून गेले. मला वाटलं कीड आहे, म्हणून निंबोळी अर्क फवारला. उपयोग शून्य. नंतर कळलं की ती कीडही नव्हती आणि बुरशीही नव्हती. फळाला कॅल्शियम कमी पडलं की बूड काळं पडतं. गंमत अशी की बहुतेक वेळा मातीत कॅल्शियम पुरेसं असतं. ते पाण्यासोबत फळापर्यंत जातं. मी मात्र तीन दिवस कुंडी कोरडी ठेवायचो आणि चौथ्या दिवशी बादलीभर पाणी ओतायचो. पाण्याची सरासरी बरोबर होती, पण टोमॅटोला सरासरीचा उपयोग नव्हता.

हे कळल्यावर मला माझे ब्लड प्रेशरचे पेशंट आठवले. चार दिवस गोळी नाही, पाचव्या दिवशी डोकं दुखलं की दोन गोळ्या. मी त्यांना रागावतो. आता रागावताना टोमॅटोचं उदाहरण देतो. ते गोळीच्या माहितीपत्रकापेक्षा लवकर पटतं.

ड्रममधल्या अळ्या

आता त्या धोक्याबद्दल. पाणी रोज येत नाही म्हणून झाडांसाठी मी गच्चीवर एक मोठा निळा ड्रम भरून ठेवत होतो. वर पत्र्याचा तुकडा टाकलेला. एका पावसाळ्यात शेजारच्या बिल्डिंगमधल्या सातवीतल्या मुलाला डेंग्यू झाला. प्लेटलेट्स घसरल्या, चार दिवस दवाखान्यात ठेवावं लागलं. सुदैवानं तो बरा झाला. त्यानंतर आरोग्य विभागाच्या ताई घरोघरी पाण्याची भांडी तपासायला आल्या. माझ्या ड्रममध्ये टॉर्च मारून त्यांनी मला बोलावलं. आत अळ्या वळवळत होत्या. दोन कुंड्यांखालच्या ताटल्यांमध्येही होत्या.

ताई काही बोलल्या नाहीत. दवाखान्याच्या भिंतीवर मी स्वतः लावलेलं 'कोरडा दिवस पाळा' हे पोस्टर त्यांनी येताना पाहिलंच असणार.

त्या मुलाला चावलेला डास माझ्याच ड्रममधला होता का, हे कुणीच सांगू शकणार नाही. पण डेंग्यूचा एडिस डास लांब उडत नाही. साधारण शंभर-दोनशे मीटरच्या परिसरातच तो फिरतो. म्हणजे डास आमच्याच गल्लीतला होता. त्या मुलाच्या आईच्या नजरेला नजर देणं मला बरेच दिवस जड गेलं.

म्हणून हे नीट वाचा. एडिस डासाला गटार लागत नाही, साठवलेलं स्वच्छ पाणी चालतं. मादी भांड्याच्या आतल्या कडेला, पाण्याच्या रेषेच्या थोडं वर अंडी घालते. ही अंडी कोरड्यातही कित्येक महिने टिकतात आणि पुन्हा पाणी चढलं की फुटतात. अंड्यापासून डास व्हायला साधारण सात ते दहा दिवस लागतात. म्हणजे नुसतं पाणी ओतून देणं पुरेसं नाही. आठवड्यातून एकदा ड्रम रिकामा करून आतल्या कडा घासून काढायच्या. ज्या शहरात पाणी जपून वापरावं लागतं तिथं ड्रम रिकामा करायला जीवावर येतं, हे मला माहीत आहे. पण ते पाणी फेकायचं नाही, झाडांनाच घालायचं. अळ्या मातीत मरतात. ड्रमवर घट्ट झाकण किंवा बारीक जाळी बांधा. कुंडीखालच्या ताटल्या काढूनच टाका, किंवा त्यात वाळू भरा.

डेंग्यूचा संशय असेल तर तापाला फक्त पॅरासिटामॉल घ्या. ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन मनानं घेऊ नका, रक्तस्रावाचा धोका वाढतो. ताप उतरला म्हणजे सुटलो असंही समजू नका. पोटात जोरात दुखणं, सारख्या उलट्या, हिरड्यांतून रक्त, खूप गळून जाणं ही लक्षणं बऱ्याचदा ताप उतरतानाच दिसतात. लगेच दवाखाना गाठा.

ज्याला आठवड्यातून एकदा ड्रम घासणं जमणार नाही, त्यानं बाग करू नये. हे माझं स्पष्ट मत आहे. आपली हौस शेजारच्या पोरानं फेडायची नसते.

घरच्या भाजीनं काय होत नाही

पोट भरत नाही. जागतिक आरोग्य संघटना सांगते की माणसानं दिवसाला किमान ४०० ग्रॅम फळं आणि भाज्या खाव्यात. चौघांच्या घराला रोज १ किलो ६०० ग्रॅम. दहा कुंड्यांतून हे निघणार नाही. मंडईची पिशवी सुटत नाही, आणि सुटावीही असं नाही. बाजारची भाजी म्हणजे विष असं समजून लोक भाजी खाणंच कमी करतात, हे जास्त नुकसानीचं आहे. भाजी वाहत्या पाण्याखाली चोळून धुवा, पालेभाजी दोन-तीन पाण्यांतून काढा आणि भरपूर खा.

गोळ्या सुटत नाहीत. मेथीनं शुगरची गोळी बंद होत नाही. आपल्या देशात १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के महिलांमध्ये रक्त कमी आहे, असं २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात आढळलं. नुसत्या पालेभाजीनं ते भरून येत नाही, कारण पालेभाजीतलं लोह शरीर फार थोडं शोषून घेतं. भाजीवर लिंबू पिळलं की शोषण वाढतं, जेवणाबरोबर चहा घेतला की घटतं. म्हणून लिंबू घ्या, चहा तासाभरानं घ्या आणि डॉक्टरांनी दिलेली लोहाची गोळीही घ्या.

सकाळी सातच्या कोवळ्या उन्हात पाणी घातलं म्हणून व्हिटॅमिन डी भरपूर मिळतं, हाही गैरसमज आहे. सूर्य इतका खाली असताना त्यासाठी लागणारे किरण फारसे पोहोचत नाहीत. उन्हाळ्यात तरी सकाळी लवकर किंवा संध्याकाळीच वर जा. अकरा ते चार गच्चीवर थांबू नका. व्हिटॅमिन डीचं काय ते तपासणी करून पाहू.

मग होतं काय?

माझ्याकडे एक आजोबा येतात. सत्तरी ओलांडलेली, दोन वर्षांपूर्वी आजी गेल्या. मुलगा-सून दिवसभर नोकरीवर. दर आठवड्याला तक्रार नवी. झोप नाही, धडधड होते, पाय जड वाटतात. ईसीजी, रक्त, थायरॉईड, सगळं नॉर्मल. एकदा माझ्या टेबलावर त्यांना दोडक्याची दोन सुकलेली फुलं दिसली. मी म्हटलं, "सगळी फुलं गळून जातात हो, फळ धरतच नाही."

आजोबा मूळचे वैजापूरकडचे, शेतकऱ्याच्या घरातले. ते हसले. म्हणाले, "डॉक्टरसाहेब, ही नर फुलं. पहिली नरच येतात, ती गळायचीच. ज्या फुलामागं बारीक दोडका दिसेल ती मादी. तिच्यावर नर फूल घासा, संध्याकाळी, फूल उमलल्यावर." त्या दिवशी पेशंट मी होतो.

मग त्यांनीही गॅलरीत चार कुंड्या मांडल्या. आज त्यांची अवस्था काय? झोपेची तक्रार अजून आहे. मन उदास राहण्यासाठी दिलेलं औषध चालू आहे आणि चालूच राहील. पण दर आठवड्याची फेरी महिन्यावर आली. रोज सकाळी उठायला एक कारण झालं. खालच्या मजल्यावरच्या दोघी-तिघी कढीपत्ता मागायला येतात, त्यामुळे बोलणं होतं. गेल्या महिन्यात सुनेनं सांगितलं, "आता पालेभाजी आणली की बाबा स्वतः निवडून देतात."

बागकामानं मनावरचा ताण कमी होतो का, यावर अभ्यास झालेले आहेत. २०११ साली नेदरलँड्समधला एक छोटा प्रयोग प्रसिद्ध झाला. बागकामाची आवड असलेल्या ३० जणांना आधी ताण येईल असं काम दिलं. मग काहींनी अर्धा तास बागेत काम केलं, बाकीच्यांनी घरात वाचन केलं. कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक दोन्ही गटांत उतरलं, बागेतल्या गटात जास्त. माणसं थोडी आणि मुळात बागेची आवड असलेली, म्हणून यावरून मोठा दावा करू नये. पण दवाखान्यात मला जे दिसतं ते याच्या उलट नाही.

आणखी एक फायदा लहान मुलांचा. माझी मुलगी ताटातली मेथी बाजूला सारायची. स्वतः पेरलेली मेथी तिनं मोजून तीन घास खाल्ली. तीनच. पण खाल्ली.

कुणी जपायचं?

- शुगर असेल तर गच्चीवर अनवाणी नको. पायाची संवेदना कमी असेल तर काच-खिळा लागल्याचं कळतही नाही.
- धनुर्वाताच्या इंजेक्शनला दहा वर्षं झाली असतील तर बूस्टर घ्या. मातीत त्याचे जंतू असतात.
- दमा असेल तर कोरडं, बुरशी आलेलं खत उपसताना मास्क लावा.
- वॉरफॅरिन ही रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर पालेभाजीचं प्रमाण एकदम वाढवू नका, एकदम बंदही करू नका. पालेभाजीतल्या व्हिटॅमिन के मुळे गोळीचा परिणाम बदलतो.
- किडनीचा आजार किंवा मुतखडा असेल तर पालक किती खायचा हे आधी विचारून घ्या.
- गुडघे, कंबर दुखत असेल तर कुंड्या कट्ट्यावर मांडा, वाकू नका.
- कीटकनाशक घरात आणूच नका. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी दगावले, ते तर रोज शेतीत राबणारे होते. काही आणलंच तर पाण्याच्या किंवा कोल्ड्रिंकच्या बाटलीत कधीही ओतून ठेवू नका.

सुरुवात कशी करायची?

टोमॅटोनं करू नका. मेथीनं करा. खाली भोकं पाडलेला पसरट टब, माती आणि शेणखत. स्वयंपाकघरातले मूठभर मेथीदाणे रात्री भिजवा, सकाळी पसरून वर बोटभरापेक्षा कमी माती टाका. थंडीच्या दिवसांत तीन-चार दिवसांत कोंब दिसतील, महिनाभरात एक वेळची भाजी होईल. पाणी थोडं, पण रोज. तांदूळ-डाळ धुतलेलं पाणी चालतं. साबणाचं आणि सांडपाणी पालेभाजीला नको.

पहिली मेथी करपली तर दुसरी पेरा, दाणे स्वस्त आहेत. आणि ड्रम कोणत्या वारी घासायचा हे आजच ठरवून टाका. आमच्याकडे रविवार आहे. घासून झाला की मुलगी आत टॉर्च मारून तपासते, आणि मगच मला चहा मिळतो.