वंगण संपतं का हो?

रोज सकाळी पर्वती चढणारी माझी आई महिनाभर सोफ्यावरून हलली नव्हती. विचारलं तर म्हणे, "गुडघ्यातलं वंगण संपलंय गं. उरलंय ते जपून वापरायचं." जणू गुडघा म्हणजे स्कूटर, आणि ऑइलचा डबा जन्माला येताना एकदाच मिळालेला!

मग मी जरा खोलात शिरले. निघालं भलतंच.

या वंगणाचं डॉक्टरी नाव सायनोव्हियल फ्लुइड. दिसायला अंड्यातल्या पांढऱ्यासारखं, चिकट, किंचित पिवळसर. आणि किती असतं? धडधाकट गुडघ्यात जास्तीत जास्त चार मिलिलिटरच्या आसपास. चहाचा चमचाही भरायचा नाही, आणि एवढ्यावर आपण धावत लोकल पकडतो!

ते येतं चक्क रक्तातून. सांध्याला आतून एक पातळ अस्तर असतं, त्यात बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं. तिथून रक्तातला द्रव गाळून आत येतो: पाणी, क्षार, ग्लुकोज. मोठी प्रोटीन्स बहुतेक बाहेरच अडतात. रक्त गोठवणारं फायब्रिनोजेनही आत येत नाही, म्हणून हा द्रव गोठत नाही. मग अस्तरातल्या पेशी त्यात आपला मसाला घालतात. एक ल्युब्रिसिन, कूर्चेवर बसणारा निसरडा थर. दुसरं हायल्युरॉनिक अ‍ॅसिड. हो, तेच, तुमच्या महागड्या फेस सीरममधलं! दाटपणा येतो तो त्याच्यामुळे. गंमत म्हणजे सांधा भरभर हलला की हा द्रव पातळ होतो, थांबला की पुन्हा दाट.

जुना द्रव शोषला जातो, नवा येत राहतो. म्हणजे ही टाकी नाही, वाहता नळ आहे.

आणि खरी मेख पुढेच आहे. हाडांच्या टोकांवरच्या कूर्चेत रक्तवाहिन्याच नसतात. तिचं जेवणखाण मुख्यतः याच द्रवातून. पाऊल टाकलं की ती स्पंजसारखी दाबली जाते, उचललं की द्रव शोषून घेते. सोफ्यावर (किंवा क्युबिकलमध्ये, नऊ तास) बसलेल्या माणसाची कूर्चा ताटावर बसून वाढप्याची वाट बघत राहते.

मग आईचं काय? संधिवाताने झिजते ती कूर्चा. द्रव आटतो असं नाही, उलट पुष्कळदा वाढतो. 'गुडघ्यात पाणी झालंय' म्हणतात ना, ते हेच. फक्त त्यातलं हायल्युरॉनिक अ‍ॅसिड कमी झालेलं असतं, त्यामुळे तो पाणचट होतो.

माझं लेक्चर आईने अर्थातच ऐकलं नाही. ऑर्थोपेडिकने "पायऱ्या तूर्त नको, सपाटीवर रोज चाला" म्हटल्यावर लगेच पटलं. आता सारसबागेत दोन फेऱ्या होतात. गुडघा अजून वाजतो. काल मात्र परत येताना ती थांबून पर्वतीकडे बघत होती. मी काही बोलले नाही.