बडीशेप : घरचे औषध आणि बाजारचा माल

जेवणानंतर पानाच्या तबकातून बडीशेप पुढे येत नाही असे घर आपल्याकडे विरळाच. परंतु तीच बडीशेप स्वतःच्या मळ्यात करणारा बागाईतदार त्याहूनही विरळा. गुजराथ व राजस्थान येथे पिकलेला, उंझ्यासारख्या पेठांतून फिरून आलेला माल आपण मुकाट्याने विकत घेतो. पैशाचा प्रश्न येथे अगदी किरकोळ आहे. आमची तक्रार ही की, जिला आपण औषध म्हणून घरात ठेवतो ती औषध राहिली आहे किंवा नाही, हे पाहण्याचे आपण सोडून दिले आहे.

बडीशेपेचा सर्व गुण तिच्या तेलात असतो. दाण्यावरील उभ्या शिरांमधील खाचांखाली तेलाच्या अतिसूक्ष्म नळ्या असतात. या तेलातील मुख्य द्रव्य ॲनेथॉल. गोडी व सुवास त्याचाच. आतड्याच्या स्नायूंची ओढ या तेलाने सैल पडते, म्हणून वायू सरतो व मुरडा थांबतो. आपले वैद्य तिला मिश्रेया म्हणतात व तिचा हाच उपयोग सांगत आले आहेत. मात्र हे तेल उडून जाणारे आहे. चमचाभर दाणे ऐन वेळी ठेचून त्यांवर उकळते पाणी ओतावे व दहा-पंधरा मिनिटे झाकण ठेवावे, एवढे पुरे. उघड्या पातेल्यात तासभर काढा आटविणाऱ्या घरात वास दरवळतो खरा, पण जो दरवळला तो पोटात जावयाचा नाही!

आता बाजारचा माल पाहा. तेल काढून घेतलेले दाणे वाळवून चांगल्यात मिसळतात, आणि जुना, फिका माल हिरव्या रंगाने तजेलदार करतात. पांढऱ्या ओल्या फडक्यावर दाणे चोळून पाहावे. रंग उतरला तर तो माल परत करावा. तेल गेलेला दाणा चावल्याबरोबर कळतो. तो भुशासारखा लागतो.

दुसरा घोटाळा नावाचा. बाळंतिणीस देतात ती बाळंतशेप निराळी. ती शेपूच्या भाजीचे बी असून दाणा चपटा व कडेने पातळ असतो. दोन्ही झाडे धने, जिरे, ओवा यांच्या कुळातली, म्हणून गुणही जवळचे; तथापि एकीच्या जागी दुसरी बेलाशक वापरणे आम्हांस पसंत नाही.

अलीकडे बडीशेपेने चष्मा सुटतो, मेद झडतो, असल्या गोष्टी छातीठोकपणे सांगितल्या जातात. त्यांस आधार नाही. आधार आहे तो पोटाच्या तक्रारींपुरता. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात पोटशूळाने रडणाऱ्या तान्ह्या मुलांस बडीशेपेच्या तेलाचे अगदी सौम्य मिश्रण दिले, तेव्हा ६५ टक्के मुलांस आराम पडला. ज्यांस तेलाविना मिश्रण दिले त्यांच्यात सुमारे २४ टक्क्यांसच. पण एवढ्यावरून घरोघरी बाळांस काढे पाजू नयेत. प्रयोगात मात्रा मोजलेली होती, चुलीपाशी ती मोजली जात नाही; आणि पहिले सहा महिने आईच्या दुधावाचून बाळाला पाणीसुद्धा नको, हा आजच्या वैद्यकाचा स्पष्ट निर्णय आहे. युरोपातील औषध-नियामक मंडळही चार वर्षांखालील मुलांस ती देऊ नये असेच म्हणते. आजीबाईंचा मान राखूनही या बाबतीत त्यांचे ऐकू नये.

एकरांवारी बडीशेप करा असे आमचे सांगणे नाही. हे पीक फार दिवस शेत अडविते, फुलोऱ्यात आभाळ आले की त्यावर मावा पडतो, आणि आपल्याकडील उन्हाळा लवकर तापतो. परंतु विहिरीजवळ निचऱ्याच्या मध्यम जमिनीत एखादा गुंठा कोणासही जड नाही. ऑक्टोबरात दोन ओळींत हात-सव्वा हात अंतर ठेवून पेरावी. फुलोरा असताना विषारी फवारा मारू नये. त्यावर मधमाश्या येतात व दाणा भरतो तो त्यांच्याच कृपेने. सर्व तुरे एकदम पिकत नाहीत, म्हणून चार-पाच वेळा तोडणी करावी लागते. मुखशुद्धीसाठी दाणा निम्मा वाढला असतानाच तुरे खुडावे; लखनवी म्हणून महाग विकली जाते ती अशीच कोवळी बडीशेप. वाळवण मात्र सावलीत, चटईवर पातळ पसरून करावे. कडक उन्हात हिरवेपणा जातो आणि तेलही. मग घट्ट झाकणाच्या बरणीत भरून चुलीपासून दूर ठेवावी.